खडूचा ओके आणि तोंडचा ओके

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी आणि आसपासच्या समस्त गावांतील नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मी, चौगुले, वय वर्षे त्रेपन्न, राहणार बेळगाव, पेशाने लोखंडाच्या फौंड्रीत क्वालिटी मॅनेजर, याने ‘ओके’ हा शब्द तोंडाने उच्चारणे गेल्या दसऱ्यापासून बंद केले आहे. फोनवर, घरात, लग्नाच्या बोलणीत किंवा रिक्षावाल्याशी हुज्जत घालताना मी हा शब्द वापरल्याचे कुणाच्या कानावर आल्यास त्याने मला तिथल्या तिथे अडवावे. जोडे मारण्याची गरज नाही. ‘शेवंताक्का’ एवढं नाव घेतलं तरी पुरे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी आमच्या इन्स्पेक्शन शेडमध्ये उभा होतो. समोर पाण्याच्या पंपाची तीनशे चाळीस कव्हरं. धुतलेली, पुसलेली, देवघरातल्या तांब्यासारखी चकचकीत. एकावर एक नीट रचून त्यांचे देखणे डोंगर केलेले. डोंगरांवर झेंडूची फुलं. आणि प्रत्येक कव्हराच्या बरोब्बर मधोमध कुंकवाचा टिळा.

माझ्या शेजारी जिनाप्पा अण्णा उभे होते. सदलग्याचे. आमचे फायनल इन्स्पेक्टर, तीस वर्षांची नोकरी. दसऱ्याला गावी गेलते, ते सकाळच्या गाडीने थेट कामावर आले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला आणि मला विचारलं,

“चौगुले, माझे ओके कुठं गेले?”

त्यांचे ओके म्हणजे काय, ते आधी सांगतो.

फौंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओततात. थंड झालं की साचा फोडायचा. आतून जो नग निघतो त्याला आम्ही पीस म्हणतो. बाहेरून सगळे पीस जुळ्या भावांसारखे दिसतात. पण ओतताना आत हवा अडकली असेल तर पोटात पोकळी राहते. तिला ब्लोहोल म्हणतात. दोन बाजूंनी धावत आलेलं लोखंड मध्ये भेटलं, पण एकजीव झालं नाही, तर तिथे शिवण राहते. ती कोल्ड शट. साखरपुडा झाला पण लग्न लागलं नाही, असा प्रकार. आणि कधी कधी थंड होताना केसासारखा बारीक तडा जातो. तो सगळ्यात वाईट, कारण तो दिसत नाही.

अण्णा एकेक पीस हातात घेतात, फिरवतात, कडेवरून अंगठा नेतात आणि लहान हातोडीने वाजवतात. चांगला पीस खणकन बोलतो. तडकलेला पीस सर्दी झाल्यासारखा बोलतो. चांगल्यावर अण्णा खडूने ओके लिहितात, वाईटावर फुली मारतात. ओके डावीकडे, फुली उजवीकडे. त्यानंतर त्या पिसाला जगात कुणी काही विचारत नाही. रंग लागतो, ट्रकमध्ये बसतो आणि पुण्याच्या पंप कंपनीत जातो. मोठ्या कारखान्यांत यासाठी स्टिकर असतात, मशीनने मारलेले शिक्के असतात. आमच्याकडे खडू होता, आणि अण्णा होते. अण्णा सही कन्नडमध्ये करतात. इंग्रजीतली त्यांना लिहिता येणारी अक्षरं दोनच, आणि ती दोन अक्षरं आमच्या कारखान्याची अब्रू होती.

एरवी हा शब्द आमच्या गावात मोकाट सोडलेला आहे. घरात मराठी, ऑफिसात कन्नड, दोन्ही अडलं की हिंदी, अशी आमची रोजची कसरत. समोरच्याला ‘बरं’ म्हणावं, ‘आयतु’ म्हणावं की ‘ठीक है’ म्हणावं, याचा विचार करेपर्यंत तो निघून जातो. ओके तिन्हीकडे चालतो. ज्याच्यावरून आमच्या मुलखात आजवर एकही मोर्चा निघाला नाही, असा हा एकमेव शब्द असावा. स्थळ बघायला आलेली मंडळी ‘मुलगी ओके, घर ओके, पत्रिका ओके’ म्हणतात आणि पुढे चार महिने फोन उचलत नाहीत. डॉक्टरने ‘रिपोर्ट ओके’ म्हटलं की घरात पेढे वाटतात, आणि मी ‘आमटी ओके आहे’ म्हटलं की त्याच घरात दोन दिवस अबोला असतो. फोन ठेवायचा असेल तर एकदा ओके म्हणायचं. समोरच्याने आता तोंड मिटावं असं वाटत असेल तर पाठोपाठ दोनदा. हा दोनदावाला सगळ्यात घातक. त्याचा अर्थ ‘ऐकलं’ असा कधीच नसतो.

खंडेनवमीच्या सकाळी मी तोच वापरला.

खंडेनवमीला आमच्याकडे भट्टी बंद असते आणि यंत्रांची पूजा होते. लेथला झेंडूच्या माळा, क्रेनला ऊस, फोर्कलिफ्टच्या चाकांखाली लिंबं आणि गेटसमोर फोडायला मोठा कोहळा. त्यापूर्वी कोपरा न् कोपरा धुऊन काढायचा. ते काम शेवंताक्काचं. शेवंताक्का कंग्राळीची. दोन बस बदलून येते. अकरा वर्षं आमच्याकडे झाडलोटीला आहे. म्हणजे कागदोपत्री आमच्याकडे नाही, कंत्राटदाराकडे आहे. हा फरक समजून घ्या. कायम कामगाराला काढायचं तर नोटीस लागते, चौकशी लागते, युनियन उभी राहते. कंत्राटी बाईला काढायला एक फोन पुरतो.

तर मी निपाणीच्या मेहुण्याशी फोनवर बोलत होतो. विषय गंभीर होता. त्याच्या नव्या गाडीच्या पूजेला कोहळा केवढा घ्यावा. तेवढ्यात शेवंताक्का बादली घेऊन समोर आली.

“सायेब, मागच्या शेडातली फरशी धुवाय पायजे. ते ढीग हलवून घिऊ? आन ते बी जरा पुसून घेतो, लई धूळ बसलीया.”

मी हात वर केला आणि म्हणालो, “ओके, ओके.” आणि मेहुण्याला सांगितलं, “मोठाच घे.”

पूजा पुढच्या मोठ्या शेडमध्ये झाली. प्रसाद झाला. मागच्या शेडकडे कुणी फिरकलं नाही. मीही नाही. मला स्टँडवर निपाणीची मंडळी आणायला जायचं होतं. तिकडे शेवंताक्काने आणखी दोघींना घेऊन डावीकडचे आणि उजवीकडचे सगळे पीस बाहेर काढले, खालची फरशी घासली, रॉकेलच्या फडक्याने एकेक पीस पुसला आणि कुंकू लावून परत रचला. सगळे एकत्र. त्यात अण्णांचे तीनशे सतरा ओके गेले आणि तेवीस फुल्याही गेल्या.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. तीनशे चाळीस पिसांत तेवीस खोटे होते आणि ते कुठले, हे फक्त देवाला ठाऊक होतं. संध्याकाळी पाच वाजता ट्रक निघायचा होता.

साडेआठला मालक आले. आमच्या मालकांना सगळे आप्पा म्हणतात. माणूस मनाने चांगला, पण राग नाकावर. त्यांनी डोंगर बघितले, फुलं बघितली, टिळे बघितले.

“काय चाललंय हे? हळदीकुंकू?”

आप्पांनी वरचं एक कव्हर उचलून टिळ्यावर बोट फिरवलं.

“कुणी केलं हे?”

मागून शेवंताक्का पुढे आली. हातातला झाडू तिने भिंतीला टेकवला, पदर सारखा केला.

“म्या केलं, आप्पा.”

“कुणाला विचारून?”

आता माझं नाव येणार. काय उत्तर द्यायचं ते मी जुळवायला लागलो. ‘आप्पा, त्या वेळी मी एका महत्त्वाच्या कॉलवर होतो.’ कोहळ्याचा उल्लेख टाळायचा.

शेवंताक्काने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“कुणालाबी न्हाय. माझ्याच मनानं केलं.”

“अगं, पण रिजेक्ट पिसालासुद्धा कुंकू?”

“वर्सातनं एकदा पुजा असती, आप्पा. त्यात चांगलं-वाईट निवडत्यात व्हय? त्यो बी लोखंडच की.”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने घात केला. आप्पा लालबुंद झाले.

“चौगुले, कंत्राटदाराला कळवा. उद्यापासून ही बाई नको.”

आणि मी, त्रेपन्न वर्षांचा घोडा, काय म्हणालो असेन?

“ओके.”

तोंडातून आपोआप निघालं. ढेकर निघते तसं.

आप्पा मग अण्णांकडे वळले. पुण्याची पंप कंपनी आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे पट्ट्यावर पंपांची जुळणी चालते आणि आमची कव्हरं वेळेवर पोचली नाहीत तर अख्खा पट्टा थांबतो. त्याला ‘लाइन स्टॉप’ म्हणतात. आमच्या धंद्यात हा शब्द घरात साप निघाल्यासारखा उच्चारतात.

“अण्णा, सगळ्यांवर ओके लिहा. तेवीस जाऊ देत. निघालेच खराब, तर परत पाठवतील.”

अण्णांनी हातातला खडू आप्पांपुढे धरला.

“तुमीच लिवा, आप्पा. फॅक्टरी तुमची, खडू बी तुमचा. खरं हात माझा लावणार न्हाय.”

(आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’. बाहेरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

आप्पांनी त्या खडूकडे असं बघितलं, जशी काय भट्टीतून काढलेली सळई आहे. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

“परत तपासायला किती वेळ लागंल?”

“सांज हुतीया.”

“करा मग. उभं काय राहिलाय?”

अण्णांनी धोतर खोचलं आणि पहिला पीस उचलला. खण्ण. दुसरा. खण्ण. कास्टिंग घासणाऱ्या विभागातली चार माणसं आपण होऊन पीस उचलून द्यायला आली. मी पुण्याला फोन करून ट्रक चार तास उशिरा पोचेल असं कळवलं. तिकडचा माणूस म्हणाला, ओके. तो खडूचा होता की तोंडचा, हे कळायला मार्ग नव्हता.

मग मी नळावर गेलो. शेवंताक्का बादल्या विसळत होती. उद्यापासून नको म्हटलं तरी आजचा दिवस तिचा होता, आणि आजचं काम ती सोडणार नव्हती.

“आक्का, माझं नाव का घेतलं नाहीस?”

“घिऊन काय करू?”

“मी हो म्हटलं होतं ना.”

“म्हनलासा. खरं तुमी ऐकलंच नव्हतं. मला तवाच कळलतं.”

“मग तू का पुसलंस?”

तिने बादली पालथी घातली.

“तेच तर. मला ठावं असून केलं. आता न ऐकनाऱ्याचं नाव कसं घिऊ, सायेब? ते बी चारचौघांत.”

तिची मुलगी बेळगावातच नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नवऱ्याच्या गुडघ्यांमुळे त्याचं गवंडीकाम सुटलंय. घर तिच्या पगारावर चालतं. हे तिने त्या वेळी सांगितलं नाही. मला आधीपासून माहीत होतं, आणि ते माहीत असणं त्या वेळी फार अडचणीचं होतं.

मी तडक आप्पांच्या केबिनमध्ये गेलो. अकरा वाजले होते. आप्पा फोनमध्ये डोकं घालून पुण्याला मेसेज टाइप करत होते. मी दार लावलं, खुर्चीत न बसता उभा राहिलो आणि स्वच्छ आवाजात म्हणालो,

“आप्पा, शेवंताक्काने मला विचारलं होतं. मी फोनवर होतो. न ऐकता हो म्हणालो. चूक तिची नाही, माझी आहे.”

आप्पांनी मान वर न करता उत्तर दिलं,

“ओके, ओके. गाडीचं बघा तेवढं.”

मी बाहेर आलो.

आता न्याय तुम्ही करा. मी कबुली दिली होती. शब्द न् शब्द खरा सांगितला होता. मालकांनी ऐकलं नाही, ही काय माझी चूक? शिवाय त्यांनी ओके म्हटलं होतं. एकदा नव्हे, दोनदा. कुठल्याही कोर्टात मी निर्दोष सुटलो असतो. मी चहा मागवला. चहा चांगला लागला. हे लिहिताना आज लाज वाटते, पण लागला.

चहा पिऊन मी कंत्राटदाराला मेल लिहायला घेतला. मालकांचा हुकूम होता. ‘खालील महिला कामगाराची सेवा उद्यापासून’ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला. मला शेवंताक्काचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. अकरा वर्षं रोज सकाळी माझं टेबल पुसणारी बाई. गेटवरून रजिस्टर मागवलं. तिथे तिचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं होतं. ते मेलमध्ये उतरवलं. पाठवायच्या बटणावर बोट काही जाईना. पाठवण्याइतका मी वाईट नव्हतो आणि खोडण्याइतका धीट नव्हतो. मेल तसाच ड्राफ्टमध्ये ठेवून शेडमध्ये गेलो.

अडीच वाजेपर्यंत अण्णांनी तेवीसच्या तेवीस खोटे पीस शोधून काढले. कुठला कसा खोटा होता हेसुद्धा त्यांनी तपासणीचं रजिस्टर न बघता सांगितलं. “ह्याच्या बगलंत भोक हाय, ह्यो शिवणीचा, ह्याचा कान तुटकाय.” शाळेतले मास्तर मुलं ओळखतात तसं. शेडमध्ये टाळ्या झाल्या. उरलेल्या तीनशे सतरांवर पांढरे ओके झळकत होते. अण्णा शेवटची मोजणी करत रांगेतून चालले आणि मध्येच थांबले.

एका पिसावरच्या ओकेतल्या ‘ओ’मधून एक काळी रेघ गेली होती. केसाएवढी.

अण्णांनी ती अंगठ्याने पुसली. तिथे परत खडू घासला. आम्ही बघत राहिलो. हळूहळू, अगदी हळूहळू, पांढऱ्यातून ती काळी रेघ परत वर आली.

ही जुनी तपासणी आहे. लोखंडाला रॉकेल लावायचं, पुसायचं आणि वरून खडू फासायचा. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल मागून पाझरतं आणि खडूवर रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारा, हातोडीला न सापडणारा तडासुद्धा ती रेघ दाखवते. पूर्वी ही तपासणी सगळीकडे करत. आम्ही कधीच सोडून दिली होती. नवमीला शेवंताक्काने तीनशे चाळीस पिसांवर तिचा अर्धा भाग करून ठेवला होता. उरलेला अर्धा अण्णांच्या खडूने केला.

अण्णांनी सगळ्यांना खडू वाटले. तीनशे सतराच्या तीनशे सतरा पिसांच्या कडा आम्ही पांढऱ्या केल्या. शेवंताक्का आणि तिच्या दोघी जणीही बसल्या. आणखी एकही रेघ निघाली नाही. तडा त्या एकाच पिसात होता.

अण्णा तो पीस छातीशी धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता.

“तेवीस रजिस्टरात हुते, तेवीस घावले. म्हंजी ह्यो चोविसावा माझ्या ओकेतला,” ते म्हणाले. “म्या ओके लिवलता ह्याच्यावर.”

दोन वर्षांत ते रिटायर होणार होते. तीस वर्षांत त्यांचा पीस कधी परत आला नव्हता. त्या पिसावर एक फुली मारून तो उजवीकडे टाकला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. रजिस्टरात तेविसाचा चोवीस करणं अवघड नव्हतं. अण्णा पीस घेऊन आप्पांच्या केबिनकडे चालायला लागले. मी त्यांच्या मागे गेलो. का गेलो, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

अण्णांनी पीस आप्पांच्या टेबलावर ठेवला. धाड्कन आवाज झाला. आप्पांनी अकरा वाजल्यापासून पहिल्यांदा फोनमधून मान वर काढली.

“ह्यो माझा ओके, आप्पा. माझी चूक. खालनं वरपतुर तडकलाय.”

आप्पांनी रेघ बघितली. जन्म फौंड्रीत गेलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागत नाही. हे कव्हर पंपावर बसलं असतं, पाण्याचा दाब आला असता आणि ते फुटलं असतं. शेजारी कोण उभा असता, कुणास ठाऊक.

“मग कळलं कसं?” त्यांनी विचारलं.

“रॉकेलानं. त्या बाईनं पुसलं म्हनून.”

अण्णा कपाळावरचा घाम पुसत होते. त्यांनी त्यांचा ओके कबूल केला होता, पहिल्याच दमात, आणि टेबल हादरेल इतक्या जोरात. माझ्या कबुलीने सकाळी टेबलावरचा कागदसुद्धा हलला नव्हता.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. त्यांनी हात पुढे केला. मी तो आधी उचलला आणि माझ्या खिशात घातला.

“चौगुले! काय हे?”

“दोन मिनिटं, आप्पा. शेवंताक्काने नवमीला मला विचारलं होतं, ढीग हलवू का, पुसू का. मी न ऐकता ओके म्हणालो. तिने सकाळी माझं नाव घेतलं नाही. मीसुद्धा घेतलं नाही. नंतर येऊन तुम्हाला सांगितलं.”

“मला? कधी?”

“अकरा वाजता. इथेच उभा होतो.”

“मग मी काय म्हणालो?”

“ओके म्हणालात. दोनदा.”

माझ्या खिशात फोन वाजतच होता. आप्पांनी आधी माझ्या खिशाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अण्णांकडे.

“म्हणजे तिनं विचारलं, ते तुम्ही ऐकलं नाही. तुम्ही सांगितलं, ते मी ऐकलं नाही.”

“होय.”

“मग या फॅक्टरीत ऐकतंय तरी कोण?”

“म्या ऐकतो की,” अण्णा हातोडी दाखवत म्हणाले. “लोखंडाचं.”

आप्पा हसले नाहीत. हसू आवरायला त्यांना तोंडावरून दोनदा हात फिरवावा लागला, एवढंच. मग त्यांनी मेलचं विचारलं. गेला नाही म्हटल्यावर, “खोडून टाका,” म्हणाले. मी जागेवर जाऊन खोडला. तिचं पूर्ण नाव मात्र वहीत लिहून ठेवलं.

ट्रक सात वाजता, अंधार पडल्यावर निघाला. त्यात तीनशे सोळा पीस होते आणि त्यांतला एकही आजवर परत आलेला नाही. मला लेखी समज मिळाली. ती माझ्या फाइलमध्ये लावली आहे. नोकरीतली पहिली. अण्णांनाही द्या, असं अण्णाच म्हणाले. आप्पांनी त्यांना हाकललं. खडू आता बंद झाला. ओकेसाठी पांढरा ऑइल पेंट आणि फुलीसाठी लाल. रॉकेलची तपासणी मात्र परत सुरू केली आहे, दर लॉटला.

मी यातून शिकलो ते एवढंच. ओके लिहायचा असेल तर मान खाली घालून बघावं लागतं. म्हणायचा असेल तर मान वर करून बघावं लागतं. दोन्ही जमत नसेल तर ‘थांब जरा’ म्हणावं. तेही तिन्ही भाषांत चालतं.

ट्रक निघण्यापूर्वी आप्पा स्वतः मागच्या शेडमध्ये आले. सगळे उभे होते. शेवंताक्का बसची वेळ झाली म्हणून पिशवी घेऊन निघाली होती. आप्पांना माफी मागायची सवय नाही. त्यांनी उगीचच छताकडे बघितलं, खाकरले आणि म्हणाले,

“उद्या ये. नेहमीच्या टायमाला.”

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण पिशवी काही तिने खाली ठेवली नाही. एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले? मालकपणा दाखवायला हवा होता. बोट वर करून त्यांनी शेडभर ऐकू जाईल अशी ताकीद दिली,

“आणि हे बघ शेवंता, यापुढं कशालाबी फडकं लावायच्या आधी ह्या चौगुल्यांकडनं लिहून घ्यायचं. तोंडी अजिबात चालणार नाही.”

दिवसभर माझं नाव गिळून बसलेली ती बाई त्यावर जे बोलली, ते तिच्या तोंडून सटकलंच असावं, कारण बोलल्याबरोबर तिने स्वतःच पदर तोंडाला लावला.

“लिवून? आवो आप्पा, ज्यास्नी म्होरं हुबं ऱ्हाऊन सांगितल्यालं कळत न्हाय, त्ये माझी चिठ्ठी वाचनार व्हय!”